सिकलसेल शिकवताना: आधी व्याख्यान की आधी रुग्ण?

एमबीबीएसचा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम २०१९ पासून लागू झाला आणि शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र हे पहिल्या वर्षाचे विषय रुग्णाशी सांगड घालून शिकवावेत, अशी अपेक्षा त्यातून पुढे आली. तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत एक वाद सतत चालू असतो: व्याख्याने कमी करून कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये सुरू केलेल्या समस्याधारित अध्ययनाकडे, म्हणजे आधी रुग्णाची समस्या समोर ठेवून गटाने त्यातून विषय शिकण्याकडे, वळावे का? माझे मत असे की, याचा निर्णय सरसकट न करता विषयागणिक करावा.

सिकलसेलचेच पाहा. सातपुड्याच्या पायथ्याशी, धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात, तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा हा आनुवंशिक आजार घरोघरी ठाऊक आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, हे व्याख्यानात सांगायला पाच मिनिटे पुरतात आणि विद्यार्थी ते पाठही करतात. पण गटापुढे जेव्हा असा प्रश्न ठेवला जातो की, ‘जन्मापासून आजार असूनही बाळ पहिले काही महिने ठणठणीत कसे राहिले?’, तेव्हा खरा अभ्यास सुरू होतो. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळी असते, हे ज्याच्या ध्यानात आहे तोच उत्तराच्या दिशेने जातो. ज्याला ते मुळीच माहीत नाही, तो मोबाइलवर शोधून इतरांना वाचून दाखवतो. म्हणून आधी छोटे, नेमके व्याख्यान आणि मग समस्या, हाच क्रम मला योग्य वाटतो.

प्रयोगशाळेचे मोल तर मला या दोहोंपेक्षा अधिक वाटते. सिकलसेलचे हिमोग्लोबिन रक्तात आहे का हे पाहणाऱ्या विद्राव्यता चाचणीत नळीतले द्रावण गढूळ होते आणि मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. ‘मग हा रुग्ण की वाहक?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो, कारण आजार झालेला रुग्ण आणि एकच सदोष जनुक असलेला वाहक, गढूळपणा दोन्हींत येतो आणि तो भेद करण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विद्युतप्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी, लागते. चाचणीची मर्यादा ही अशी डोळ्यांसमोर आली की पुन्हा समजावावी लागत नाही.

भाषेचा प्रश्न मात्र या वादात कुणी फारसा काढत नाही. गटचर्चा इंग्रजीतच व्हावी असा आग्रह धरला, तर मराठी माध्यमातून आलेली नवापूर-शिरपूरकडची मुले मान खाली घालून बसतात आणि शहरी शाळांतली दोन-तीन मुलेच चर्चा ओढून नेतात. तीच चर्चा मराठीत किंवा अहिराणीत होऊ दिली की हीच मुले गावातल्या कुटुंबांची उदाहरणे देत आनुवंशिकता मांडू लागतात. संज्ञा इंग्रजी राहिल्या तरी चालतील; तर्क मात्र ज्याच्या-त्याच्या भाषेतच व्हायला हवा.

राहता राहिली परीक्षा. लेखी परीक्षेत पाठांतरालाच गुण मिळत राहिले, तर विद्यार्थी गटचर्चेला वेळ देणार नाहीत आणि त्यासाठी त्यांना दोष देता येणार नाही. त्यामुळे अंतर्गत मूल्यमापनात तरी निदानाची कारणमीमांसा विचारणारा एक प्रश्न सक्तीचा असावा, असा माझा आग्रह आहे.