सोन्याचा खांब चांदीचा झाला तो दिवस

बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूला माझं जुन्या फर्निचरच्या पॉलिशचं छोटं दुकान आहे. मागे एक काकू टेम्पोत पाळणा घालून आल्या, संखेड्याचा (बडोद्याजवळचं गाव, लाखेच्या रंगीत लाकूडकामाचं), त्यांच्या सासूच्या वेळचा. नातवाचं बारसं दहा दिवसांवर आलेलं. पाळणा नुसता काळा ठिक्कर, वर्षानुवर्षं खोबरेल तेल, डब्यातलं मेण-पॉलिश आणि देवघराचा धूर, सगळं थरावर थर बसलेलं. खाली लाल-सोनेरी वेलबुट्टी आहे हे काकूंनी सांगितलं म्हणून कळलं.

मेण काढायला आपण टर्पेंटाईन वापरतो. आतल्या बाजूला कुठेतरी टेस्ट करायची, मग कापसाने हलक्या हाताने लावायचं, दोन मिनिटं थांबायचं, पुसायचं, कापूस काळा निघतो, परत नवा कापूस. कातलेल्या खाचांत जुना टूथब्रश. लोखंडी घासणी अशा नक्षीवर चुकूनही नाही. तीन खांब असे झाले आणि मी जेवायला घरी गेलो.

परत येतो तर दुकानात हाताखाली काम करणारा पोरगा रडवेला उभा. चौथा खांब चांदीचा! म्हणजे खरंच, लाल तसंच आणि वेलबुट्टी सोनेरीची रुपेरी झालेली, फडकं पिवळं-तांबूस. त्याने स्पिरिटची बाटली उचलली होती. टर्पेंटाईन आणि स्पिरिट, दोन्ही पाण्याच्या जुन्या बाटल्यांत भरून ठेवलेलं, लेबल नाही (ही चूक माझीच, त्याला काय बोलणार), आणि पोराला सर्दी, वास कळायचं कारणच नाही.

झालं असं की संखेड्याच्या कामात सोनं नसतंच. कल्हईची म्हणजे कथलाची पूड सरसात कालवून नक्षी काढतात, ती रुपेरीच असते, वरून लाखेचा हात दिला की त्या पिवळटपणामुळे सोनं दिसतं. टर्पेंटाईन लाखेला काही करत नाही, मेण तेवढं उचलतं. स्पिरिटमध्ये मात्र लाख विरघळते, अहो आपण चपडी, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, पॉलिशसाठी त्यातच तर भिजवतो! नशीब की सरस स्पिरिटला दाद देत नाही, म्हणून नक्षी वाचली.

रात्रभर चपडी भिजवली, गाळली, आणि दुसऱ्या दिवशी कापसाच्या बोळ्याने पातळ पातळ हात देत गेलो, वाळू द्यायचं, परत एक हात. तिसऱ्या-चौथ्या हाताला सोनं परत आलं तेव्हा पोराने पहिल्यांदा चहा मागितला. पण नवी लाख ती नवीच, हा खांब बाकीच्यांपेक्षा जास्त झळकत होता.

काकू आल्या तेव्हा लपवलं नाही, सगळं सांगून टाकलं, पैसे कमी करतो म्हटलं. त्यांनी चष्मा लावून चारही खांब पाहिले.

"अरे, मग बाकीचे तिघं काय सावत्र आहेत का? त्यांना पण असंच कर की!"

म्हटलं काकू, जुनी लाख आहे ती, सासूबाईंच्या वेळची, उगाच उतरवायची नसते. त्या म्हणाल्या, सासूबाईंचं मला नको सांगूस.