बेल्टच आहे, असं मीच म्हणालो होतो

गाडी पहिल्यांदा आली तेव्हा मी बोनेटसुद्धा न उघडता सांगून टाकलं, बेल्ट आहे, म्हणजे अल्टरनेटर, एसी फिरवणारा तो पुल्यांवरचा पट्टा. आत येतानाच ऐकू आलं ना, कानात सुई घातल्यासारखी सरळ किंचाळी, आणि पंधरा वर्षं हेच केल्यावर डोकं चालायच्या आधी हात बेल्टकडे जातो. बेल्ट झिजलेला होताच. लोक भेगा शोधतात आणि भेग नाही म्हणजे बेल्ट चांगला समजतात, पण हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात, खाचा रुंद होतात, बेल्ट पुलीत खोल बसतो आणि पकड जाते, हे नुसत्या डोळ्याला दिसत नाही, गेज लावावा लागतो. गेज लावला, बेल्ट बदलला, जोडीला टेन्शनरही, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी स्प्रिंगची पुली, बदलला. आवाज बंद. गाडी दिली.

चौथ्या दिवशी परत. तोच आवाज.

खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी सगळं समोर होतं. बेल्टच्या आवाजाची जुनी टेस्ट आहे, चालू इंजिनात खाचांच्या बाजूवर पाण्याचा फवारा मारायचा. आवाज थोडा वेळ गेला तर पुल्या एका रेषेत नाहीत, वाढला तर बेल्ट ढिला आहे, सरकतोय. मी मारला होता, काहीच फरक पडला नाही. बेल्टवर भार यावा म्हणून एसी लावला, हेडलाइट लावले, तरी तेवढाच. उलट रेस दिली की गायब आणि पाय काढला की हजर. सरकणारा बेल्ट असं वागत नाही, रेस दिली की जास्त बोंबलतो. हे सगळं बघून मी बेल्ट बदलला!

यावेळी बेल्ट काढूनच इंजिन चालू केलं, अर्धा मिनिट फक्त, कारण या इंजिनात वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो. आवाज होताच. म्हणजे बेल्ट, टेन्शनर, अल्टरनेटर, कॉम्प्रेसर सगळे एका झटक्यात निर्दोष. मग स्टेथोस्कोप घेऊन फिरलो (लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावणारे अजून आहेत, चालतं तेही, फक्त डोकं पंख्यापासून लांब ठेवा), सगळ्यात जोरात कुठे तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर. आमचा गिअरबॉक्सवाला लगेच म्हणाला उतरवू या, क्लच बेअरिंग गेलंय. त्याला सर्दी झाली तरी गिअरबॉक्सच उतरवायचा असतो. क्लच दाबून बघितला, बेअरिंग असतं तर दाबता-सोडताना आवाज बदलला असता, तो नाही बदलला. हा तरी जॅक घेऊन आला.

तेव्हा हेल्पर पोरगा हळूच म्हणाला, दादा, त्या दिवशी मी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढली तेव्हा बंद झाला होता आवाज. मला आठवलं. मीच ओरडलो होतो त्याच्यावर, चालू इंजिनात डिपस्टिक कशाला ओढतोस म्हणून, त्याने घाबरून परत खुपसली आणि किंचाळी परत सुरू झाली, आणि मी ते कानांनी ऐकलं होतं.

डिपस्टिक ओढली. शांत. खुपसली, सुरू. ऑइलचं झाकण काढायला गेलो तर आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं घट्ट.

प्रकार असा होता. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच, तो परत इनटेकमध्ये ओढून जाळायला पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. या इंजिनात तो प्लास्टिकच्या टॅपेट कव्हरमध्येच बसवलाय, आत एक रबरी पडदा, जो ही ओढ मापात ठेवतो. पडदा फाटला की आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, इनटेकचं व्हॅक्युम सरळ चेंबरला लागतं आणि हवा मिळेल तिथून आत घुसते. इथे ती मागच्या क्रँक सीलच्या (गिअरबॉक्सच्या जोडापाशी ऑइल अडवणारं रबरी कडं) ओठाखालून घुसत होती आणि तो ओठ शिट्टीसारखा थरथरत होता. रेस दिली की व्हॅक्युम पडतं, म्हणून शिट्टी बंद. गिअरबॉक्स उतरवून नवं सील टाकलं असतं तर तेही किंचाळलंच असतं. स्कॅनर लावला तर फ्युएल ट्रिम +18, म्हणजे कॉम्प्युटर अठरा टक्के जास्त इंधन टाकतोय, कारण सेन्सरला न दिसता हवा आत येतेय. इंजिन लाइट लागली नव्हती म्हणून मी स्कॅनर लावलाच नव्हता. आणि बेल्ट टाकल्यावर आवाज का नव्हता? ऑइल बघून डिपस्टिक मीच अर्धवट बसवली असणार, गिऱ्हाइकाने घरी नीट दाबली असणार.

एवढ्याशा रबरासाठी अख्खं कव्हर बदलावं लागलं, पडदा सुटा मिळत नाही, ज्याने हे डिझाइन केलं त्याने कधी हातात पाना धरला नसेल.

गाडी गेली. सील गळतंय का ते महिनाभर बघायला सांगितलंय, उलट्या ओढीने ओठ खराब झालेला असू शकतो. मग बेल्ट कशाला बदलला हे गिऱ्हाइकाने विचारलं, गेज लावून जुना बेल्ट दाखवला, त्याला पटलं. टेन्शनरचं त्याने विचारलं नाही. तो बेंचखाली पडलाय, काल हाताने फिरवून बघितला, बेअरिंग गुळगुळीत, स्प्रिंग कडक, काहीही झालेलं नाही त्याला. पोराला सांगितलं की तू बरोबर होतास. गिऱ्हाइकाला फोन अजून केलेला नाही.