माहितीचौकटीतलं साल

रविवार, रात्र

विकिपीडियावरच्या, लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लेखाचा पहिला परिच्छेद आज एकदाचा ठरला. वाक्यं तीन, माणसं तीन, दिवस नऊ. चर्चापान आता लेखापेक्षा लांब झालंय.

घोडं अडलं होतं माहितीचौकटीतल्या एका रकान्यात: निर्मितीचं साल. मी १९५८ लिहिलं, कारण लिस्पचे जनक जॉन मॅकार्थींनी एमआयटीत तिचं काम सुरू केलं ते तेव्हा. दुसऱ्याने १९६० केलं, कारण भाषा मांडणारा निबंध छापून आला तो त्या साली. मी उलटवलं, त्याने उलटवलं. मग तिसऱ्याने चर्चापानावर विचारलं, 'पोर जन्मलं कधी ते सांगताय की बारसं कधी झालं ते?' आणि वर मॅकार्थींचा सहकारी स्टीव्ह रसेल याची गोष्ट टाकली. मॅकार्थींनी 'इव्हॅल' हे, लिस्पमधलं लिखाण घेऊन त्याचं उत्तर काढणारं फंक्शन कागदापुरतं, सिद्धांत म्हणून लिहिलं होतं. रसेल म्हणाला, मी हे यंत्रावर चालवतो. तू सिद्धांत आणि व्यवहार यांची गल्लत करतोयस, असं मॅकार्थींनी त्याला सांगितलं. रसेलने ते आयबीएम ७०४ या संगणकाच्या यंत्रभाषेत उतरवलं, आणि लिस्पचा इंटरप्रीटर, म्हणजे लिस्पचे प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम, उभा राहिला. म्हणजे हिशोबात जन्माची आणखी एक वेळ!

शेवटी चौकटीत १९५८ राहिलं, निबंधाचं साल मजकुरात गेलं. जिंकलो म्हणायचं तर मी. पण लेखातला वाचावासा वाटणारा भाग रसेलचा आहे, आणि तो माझा नाही.

माझं 'अत्यंत सुंदर भाषा' हे मात्र पहिल्याच दिवशी गेलं. आधी त्याच्यापुढे 'संदर्भ हवा' लागलं, मग तेही खोडलं. दोन दिवस मी घुश्शात होतो. आता तिथे एवढंच आहे: लिस्पमध्ये माहितीसारखा प्रोग्रॅमही यादीच्याच रूपात असतो, म्हणून एक प्रोग्रॅम दुसरा रचून लगेच चालवू शकतो. खरं तर मला सुंदर म्हणायचं होतं ते यालाच.

'कार' आणि 'कुडर'साठी मात्र मी हटून बसलो. यादीतला पहिला घटक आणि उरलेली यादी काढणारी ही फंक्शनं; नावं पडली ७०४च्या 'शब्दा'तल्या (यंत्र एका वेळी हाताळतं त्या माहितीच्या तुकड्यातल्या) 'ॲड्रेस' आणि 'डिक्रिमेंट' या भागांवरून. ते यंत्र कधीच मोडीत निघालं, नावं अजून टाइप होतात. हा परिच्छेद कापायचा प्रस्ताव आला होता. चर्चापानावर मी लांबलचक लिहिलं, बहुधा कंटाळूनच दोघांनी तो राहू दिला.

लिस्पचे प्रोग्रॅम ज्यांत लिहितात त्या कंसांचंही तसंच. मॅकार्थींना प्रोग्रॅम लिहायला वेगळी, गणितासारखी लिपी आणायची होती. कंसांची यादी आतल्या कामापुरती. लोकांना तीच बरी वाटली, दुसरी राहूनच गेली.

झोपण्याआधी लेख शेवटचा वाचला, तर उदाहरणातला एक कंस उघडाच. संपादन उघडेपर्यंत कुणीतरी तो बंद केला होता. आढाव्यात एकच शब्द: 'कंस'.