बटण, रकाना आणि एकटा मुनीम

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन यायला लागलं की लातूरच्या मार्केट यार्डात पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या, करायची घाई उडते. पट्टीचा स्क्रीन साधाच असतो. वजन, भाव, हमाली, तोलाई असे रकाने, खाली ‘हिशोब करा’ हे बटण आणि शेवटी रक्कम. बटण दाबलं, आकडा आला. पाहणाऱ्याला वाटतं, यात काय एवढं! पायथन भाषेत खिडक्या आणि बटणं बनवायचं साधन म्हणजे टीकिंटर. त्यात असा स्क्रीन लिहायला बसल्यावर मात्र कळतं की बटणाला स्वतःचं काहीच कळत नाही. दाबल्यावर कुणाला हाक मारायची, एवढंच त्याला सांगून ठेवलेलं असतं.

ते सांगण्यातच पहिली ठेच लागते. बटणाच्या ‘कमांड’पुढं फंक्शनचं, म्हणजे हिशोब करणाऱ्या कोडच्या तुकड्याचं, नुसतं नाव द्यायचं, कंस द्यायचे नाहीत. कंस दिले की फंक्शन बटण तयार होतानाच चालतं. रकाने तेव्हा रिकामे, त्यामुळं प्रोग्राम उघडतानाच पडतो. नाही पडला तर आणखी वाईट, कारण बटणाच्या हाती ‘नन’, म्हणजे काहीच नाही, एवढंच उरतं आणि मग कितीही दाबा, ढिम्म.

रकान्यातून जे येतं तो आकडा नसतो, अक्षरं असतात. ‘४०’ आणि ‘५’ यांची बेरीज ‘४०५’. म्हणून आधी ‘फ्लोट’ वापरून अक्षरांचा आकडा करून घ्यायचा. गंमत म्हणजे पायथनला देवनागरी आकडेही चालतात. अडतं ते स्वल्पविरामापाशी. भावात कुणी ‘४,५००’ टाइप केलं की एरर येते, पण ती कन्सोलवर, म्हणजे मागच्या काळ्या पडद्यावर, खिडकीत नाही. दुकानात कन्सोल कोण बघतो? समोरचा म्हणतो, बटण खराब झालं. तेव्हा स्वल्पविराम आधीच काढून टाकावा, आणि तरीही बिनसलं तर ते खिडकीतच लिहून दाखवावं.

उत्तर लिहितानाही तसंच. ७ क्विंटल ४० किलो, भाव ४५०० रुपये, एकूण ३३३००. भाव बदलून ४६०० केला, पुन्हा बटण दाबलं, आणि रकान्यात ३४०४०३३३०० दिसलं. शेतकऱ्याला तीनशे चाळीस कोटी! टीकिंटरचं ‘इन्सर्ट’ जुनं पुसत नाही, नुसतं घुसवतं. आधी शून्यापासून ‘एंड’पर्यंत ‘डिलीट’, मग ‘इन्सर्ट’. जावा भाषेतलं असंच साधन म्हणजे स्विंग. त्यातलं ‘सेटटेक्स्ट’ हे काम एका दमात करतं. रक्कम कुणी हातानं बदलू नये म्हणून रकाना ‘रीडओन्ली’ (फक्त वाचण्यापुरता) केला, तर ‘इन्सर्ट’ही मुकाट्यानं वाया जातं, एररसुद्धा येत नाही. त्यापेक्षा रकान्याला ‘स्ट्रिंगव्हार’, म्हणजे मजकूर धरून ठेवणारा टीकिंटरचा व्हेरिएबल, जोडावा आणि त्याला ‘सेट’ करावं. जुनं पुसायची कटकट राहत नाही आणि रीडओन्लीही आड येत नाही. फक्त तो व्हेरिएबल फंक्शनच्या आत जन्मून तिथंच संपायला नको, नाहीतर रकाना कोरा दिसू शकतो.

खरी गंमत पुढं आहे. टीकिंटर असो की स्विंग, खिडकीचा सगळा कारभार एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालतो, म्हणजे एका वेळी एकच काम. गादीवर एकटा मुनीम बसलेला असावा तसा. क्लिकची नोंद त्याची, फंक्शन चालवणं त्याचं, रकाना पुन्हा रंगवणंही त्याचंच. फंक्शनच्या पहिल्या ओळीत ‘थांबा, हिशोब चालू आहे’ असं लिहिलं आणि दुसऱ्या ओळीत सर्व्हरवरून दर मागवायला दहा सेकंद लावले, तर ते ‘थांबा’ कुणालाच दिसत नाही. मजकूर बदललेला असतो, पण रंगवणारा मुनीम दर आणायला गेलाय! तो परतेपर्यंत खिडकी गोठलेली. कंटाळून माणूस तेच बटण आणखी दोनदा दाबतो. ते क्लिक हरवत नाहीत, रांगेत थांबतात आणि नंतर एकापाठोपाठ चालतात. एका पट्टीच्या तीन नोंदी होतात त्या अशा. बटण सुरुवातीला बंद आणि त्याच फंक्शनच्या शेवटी चालू करूनही भागत नाही, कारण रांगेतले क्लिक हाती येईतो ते पुन्हा चालू झालेलं असतं.

नुसतं ‘थांबा’ दाखवायचं तर खिडकी लगेच रंगवून घेणारं ‘अपडेट-आयडलटास्क्स’ पुरतं. लांबलचक काम मात्र वेगळ्या थ्रेडवर टाकावं. स्विंगमध्ये त्यासाठी ‘स्विंगवर्कर’ आहेच. त्या थ्रेडनं रकान्याला हात लावायचा नाही. उत्तर क्यूमध्ये (रांगेत) ठेवायचं, खिडकीनं ‘आफ्टर’चा गजर लावून दर १०० मिलिसेकंदांनी ते आलं का बघायचं, आणि बटण उत्तर आल्यावरच पुन्हा चालू करायचं.

आणि माऊस धरायला तिथं वेळ कुणाला असतो! हात नंबरपॅडवर, सवय एंटरची. टीकिंटरचं बटण मात्र आपणहून स्पेसला दाद देतं, एंटरला नाही. ‘बाइंड’ करून एंटर जोडला की फंक्शनला जादा एक ‘इव्हेंट’, म्हणजे कोणती कळ दाबली त्याची माहिती, येतो. बटण तो देत नाही, म्हणून ‘इव्हेंट’ला आधीच ‘नन’ देऊन ठेवावं, म्हणजे एकच फंक्शन दोन्हींकडून चालतं. नंबरपॅडचा एंटर लिनक्सवर ‘केपी एंटर’ या नावानं येतो, त्यामुळं तो वेगळा बांधावा लागतो. विंडोजवर दोन्ही एंटर एकच.