बूचभर मीठ

लाउंजमधून फोन आला तेव्हा मी एएचयू रूममध्ये, म्हणजे एसीची हवा जिथून सगळीकडे सोडतात त्या खोलीत, फिल्टर बदलत होतो. "दादा, ह्युमिडॉरमध्ये ह्युमिडिटी धरतच नाहीये. काटा ५८च्या वर जात नाही. रात्री पार्टी आहे."

आमचं हॉटेल दक्षिण मुंबईत, समुद्राच्या अंगाला. मी तिथल्या इंजिनीअरिंग खात्यात एसीचं काम बघतो. जुलै महिना, तीन दिवस झड लागलेली. बाहेर भिंतींना ओल सुटलेली आणि आत एका कपाटाला ओल पुरत नाही, हे कुणालाही खोटं वाटेल. पण चोवीस तास एसी चालणाऱ्या खोलीत भर पावसातही हवेतली ओल ५०-५५ टक्क्यांवर येते. एसी हवेतलं पाणी कॉइलवर काढून घेतो आणि ते ड्रेनच्या पाइपातून वाहून जातं. त्यामुळे तक्रार खरी असेल असं धरूनच मी टूलबॅग उचलली.

ह्युमिडॉर म्हणजे सिगार ठेवायचं कपाट. सिगार ही नुसत्या पानांची वळलेली वस्तू आहे आणि ती पानं पुरती वाळू द्यायची नसतात. आतली सापेक्ष आर्द्रता (हवेत मावेल तेवढ्या वाफेपैकी किती आहे, तो टक्का) ६५ ते ७० आणि तापमान १८ ते २१ अंश, एवढ्यात ती सुखात राहतात. हवा कोरडी झाली तर पान कुरकुरीत होतं, वास उडतो, धूर जिभेला चटके देतो. ओल जास्त झाली तर सिगार फुगते, पेटत नाही, ओढली तर हवा येत नाही आणि शेवटी बुरशी धरते. कपाट आतून स्पॅनिश सीडरचं असतं. नावात सीडर असलं तरी तो देवदार नव्हे. आपल्याकडच्या तुणीचा जवळचा नातेवाईक, महोगनीच्या कुळातला. ते लाकूड ओल पितं आणि लागेल तशी परत सोडतं. मी स्वतः कधी ओढली नाही, पण ते कपाट उघडल्यावर येणारा वास मला आवडतो.

त्या दिवशी ते उघडेना. लाउंजच्या पोराने मूठ धरून ओढलं, मग मी ओढलं. खालच्या बाजूला दार चौकटीत घट्ट बसलं होतं. मी चाळीत वाढलो. पावसाळ्यात फुगलेलं दार कसं अडतं, ते हाताला बरोबर कळतं. खांदा लावून थोडं वर उचललं तेव्हा ते सुटलं. तिथेच माझ्या मनात आलं, ५८ टक्क्यांत लाकूड असं फुगत नाही.

दार उघडताच नाकाशी गोदामाचा वास आला. मी बॅटरी काढून खालच्या काचेवर मारली. आतल्या कोपऱ्यात बारीक थेंब उभे होते.

लाउंजचा पोरगा संगमेश्वरकडचा, नोकरीला लागून आठ महिने झालेले. कामात चोख. रोज दोनदा त्याने रजिस्टरमध्ये आकडा लिहिला होता: ५८, ५८, ५७, ५८, ५९. काटा ७०वर आण असं त्याला वरून सांगितलं होतं, म्हणून पंधरा दिवस तो आतल्या ओल सोडणाऱ्या मशीनची सेटिंग वाढवत गेला. ६८वरून ७२, मग ७५. तरी काटा हलेना, तेव्हा खालच्या फळीवर पाण्याने भरलेला ग्लास आणि त्यात स्पंज ठेवला. रजिस्टर बघून मला त्याच्यावर राग आला नाही, वाईट वाटलं. पाणी वाढतंय आणि काटा जागचा हलत नाही, हे रजिस्टर पंधरा दिवस ओरडून सांगत होतं. पण शंका मीटरवरही घ्यायची असते, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

माझ्याकडे खात्याचं छोटं डिजिटल मीटर असतं. वरच्या फळीवर ठेवून वीस मिनिटं दार लावलं: २१ अंश, ७३ टक्के. खालच्या फळीवर: १९.५ अंश, ७९ टक्के.

सिगारला मी हात लावला नाही, मालकाच्या वस्तू त्या. बार मॅनेजर साहेबांना बोलावलं. त्यांनी खालच्या फळीवरची एक उचलून दोन बोटांत हलकी दाबली. ती दबली आणि दबलेलीच राहिली. चांगली सिगार किंचित दबून परत येते. तिच्या पायाशी, म्हणजे पेटवायच्या टोकाशी, वरचं पान उभं फाटलं होतं. मागच्या ओळीतल्या दोन सिगारवर निळसर झाक असलेली पांढरी लव उठलेली. साहेब काही क्षण काहीच बोलले नाहीत. त्यातल्या बऱ्याच सिगार एका मेंबरच्या लॉकरमधल्या होत्या, एकेक काही हजारांची, आणि पार्टी त्यांचीच होती.

पण आकड्यावर त्यांचा विश्वास बसेना. दारावरचं पितळी मीटर कपाटाबरोबरच परदेशातून आलेलं, माझं प्लास्टिकचं. "तुमचंच चुकत नसेल कशावरून?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. दोन मीटर दोन आकडे सांगत असताना माझं खरं, हे मी कशाच्या जोरावर म्हणणार?

मी म्हटलं, "साहेब, किचनमधून चमचाभर मीठ आणि एक झिपलॉक पिशवी मागवा."

साधं खायचं मीठ ओलं करून बंद जागेत ठेवलं की वरची हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. हवेत ओल कमी असेल तर मिठातलं पाणी वर जातं, जास्त असेल तर मीठ ती ओढून घेतं. २० अंशाला हा आकडा ७५.५ आणि ३० अंशाला ७५.१, म्हणजे तापमानाने फार फरक पडत नाही. एकच पथ्य: मीठ विरघळता कामा नये. पोराने पहिल्यांदा बाटलीच्या बुचात मीठ घेऊन वर चांगलं चमचाभर पाणी ओतलं. मी ते फेकायला लावलं. नुसतं खारं पाणी झालं तर ७५ येणार नाही, जास्तच येईल. दुसऱ्या खेपेला थेंब थेंब टाकायला लावलं. पाच-सहा थेंबांत मीठ ओल्या वाळूसारखं झालं, बूच कलतं केलं तरी ओघळेना. ते बूच आणि दोन्ही मीटर एका पिशवीत ठेवले. पिशवी मी बंद केली नाही. साहेबांना म्हटलं, तुम्ही बंद करा, वर वेळ लिहा आणि सही करा. ११ वाजून १० मिनिटं. एसीचा झोत लागू नये म्हणून पिशवी लिननच्या स्टोअरमध्ये ठेवली. निदान सात-आठ तास तरी द्यायचे होते.

तोवर मी खालची फळी इतकी ओली का, ते शोधायला लागलो. वर ७३ आणि खाली ७९, कपाट एक, हवा एक. फरक होता तो दीड अंशाचा. हवा गार झाली की तिची पाणी धरायची ताकद कमी होते. २१ अंशाला एका घनमीटरला सुमारे १८.३ ग्रॅम वाफ मावते, १९.५ला १६.८. वाफ तेवढीच राहिली तरी टक्का चढतो. थंड ताकाच्या ग्लासला बाहेरून घाम फुटतो तो याचमुळे. मग कपाटाचा तो कोपराच गार का? मागच्या महिन्यात सोफे हलवले तेव्हा कपाट चार फूट सरकवलं होतं, थेट एसीच्या ग्रिलच्या झोतात. ग्रिलमधून निघणारी १४ अंशांची हवा दिवसरात्र काचेच्या खालच्या भागावर आदळत होती. मी स्टुलावर चढून ग्रिलच्या पट्ट्या भिंतीकडे वळवल्या. दहा मिनिटांचं काम.

साहेब घाईत होते. दार उघडं ठेवून पेडेस्टल फॅन लावू, रात्रीपर्यंत सुकेल, असं म्हणाले. मी हात जोडून नको म्हटलं. बाहेरचं पान पातळ असतं, ते आधी सुकून आकसेल. आतलं सारण तसंच फुगलेलं राहील, आणि ज्या फाटल्या नाहीत त्याही फाटतील. मग म्हणाले, एसीच बंद करू. तेही नको, कारण तापमान २५च्या वर गेलं की तंबाखूतला किडा जागा होतो. घरी हळदीत आणि सुंठीत जो बारीक, तांबूस, पाठीला कुबड असलेला किडा होतो, तोच हा. पानात अंडी असली तर ती फुटतात आणि टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. इतकं स्पष्ट मी साहेबांशी कधी बोललो नव्हतो. मशीन बंद केलं, ग्लास आणि स्पंज काढला, खालची फळी रिकामी केली, बाकी काहीच करायचं नाही, एवढंच सांगितलं.

दुपारी डबा खाताना बाबांची आठवण येत राहिली. ते गिरणीत ह्युमिडिफिकेशनला हेल्पर होते, साचेखात्यात, म्हणजे जिथे मागांवर कापड विणतात तिथे. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून तिथे हवेत पाण्याचे फवारे सोडत. एकदा दसऱ्याच्या पूजेला त्यांनी मला आत नेलं होतं. साचे बंद, झेंडूच्या माळा घातलेले. खांबावर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले, एक उघडा आणि दुसऱ्याच्या गोळ्याला ओली वात गुंडाळलेली. वातीतलं पाणी उडतं तसा तो थर्मामीटर खाली उतरतो. दोघांतला फरक जितका कमी, तितकी हवा दमट. ३० आणि २७ असले तर ७९ टक्के, हे त्यांना तक्ता न बघता पाठ होतं. पण आकडा वाचण्याआधी ते वात चिमटीत धरून बघत. वात मळली किंवा सुकली तर ओला थर्मामीटर पुरेसा उतरत नाही, आहे त्यापेक्षा हवा दमट दिसते, फवारे कमी केले जातात. मग धागे तुटतात आणि साचेवाल्याचा पगार कापडावर असल्याने त्याची मजुरी बुडते. बाबा वातीला इतके जपायचे ते यासाठी. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्यानंतर ते त्या खांबापाशी परत गेले नाहीत.

सात वाजून पाच मिनिटांनी साहेब स्वतः लिनन स्टोअरमध्ये आले. पिशवी न उघडता बाहेरूनच वाचायची, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. माझं मीटर ७६ दाखवत होतं, म्हणजे एकाने जास्त. पितळी काटा ६१वर होता.

साहेबांनी पिशवी उजेडात धरून पुन्हा वाचलं. पोराने रजिस्टर छातीशी धरलं होतं. "म्हणजे मी पंधरा दिवस..." एवढंच तो म्हणाला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आकडा मी मागितला होता तुझ्याकडे." त्या माणसाबद्दल माझं मत त्या क्षणी बदललं.

पार्टीला वरच्या दोन फळ्यांवरच्याच सिगार दिल्या. बुरशी लागलेल्या आणि फाटलेल्या मिळून १९ निघाल्या. त्या ट्रेमध्ये ठेवून साहेबांनी मेंबरना दाखवल्या आणि काय झालं ते सांगितलं. मी तेव्हा तिथे नव्हतो. मेंबर रागावले, आणि रागावणारच. पण मीठ ठेवलेली पिशवी बघायला मागितली, असं पोराने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

पितळी मीटरच्या मागे एक स्क्रू असतो. तो फिरवून मी काटा ७५वर आणला आणि मीटर रात्रभर लाउंजमध्ये उघडं ठेवलं. तिथली हवा ५२ टक्के होती. सकाळी काटा ७० दाखवत होता. म्हणजे तो नुसता चुकीचा नव्हता, अडकलेलाच होता. एका मिठाने एकच आकडा तपासता येतो, हे लोक विसरतात. मीटर आता शोभेपुरतं दारावर आहे, मागे चिठ्ठी चिकटवली आहे: रीडिंग घेऊ नये.

त्या रात्री बाबांना सगळं सांगितलं. त्यांचं वय ७८, ऐकू थोडं कमी येतं, पण हे त्यांनी नीट ऐकलं. सिगारचं त्यांना काही नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पिशवी बंद कुणी केली?"

"मॅनेजर साहेबांनी. सहीसुद्धा त्यांचीच."

"मग ठीक," म्हणाले, आणि पंखा कमी करायला सांगितलं.

कपाट ताळ्यावर यायला तीन आठवडे लागले. लाकडाने प्यायलेली ओल त्याच्या गतीनेच सुटते. आत ६५ टक्क्यांची मिठाच्या द्रावणाची पाकिटं ठेवली. ती ओल ओढतातही आणि देतातही. वर एक आणि खाली एक, अशी दोन छोटी डिजिटल मीटर बसवली. पोरगा दोन्ही आकडे लिहितो, तापमानासकट. महिन्यातून एकदा तो मीटर घेऊन खाली आमच्या स्टोअरमध्ये येतो. बूच त्याच्याकडेच असतं, मीठ तो किचनमधून आणतो. आता पाणी थेंब मोजून टाकतो.