माफीनाम्यातील तपशील

ऑस्ट्रेलियन सायकॉलॉजिकल सोसायटी या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने सप्टेंबर २०१६ मध्ये तेथील आदिवासींची आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासीयांची जाहीर माफी मागितली. माफीनामे पुष्कळ निघतात आणि बहुतेक ‘झाल्या प्रकाराबद्दल खेद’ या छापाचे असतात; हा तसा नाही. निदान करताना आम्ही तुमच्या श्रद्धांचा आणि जगाकडे पाहण्याच्या दृष्टीचा मान राखला नाही, चाचण्या अयोग्य रीतीने वापरल्या, संशोधनाचा लाभ तुमच्याऐवजी संशोधकांना झाला, आणि सरकारी धोरणाने तुमची मुले आईबापांपासून तोडली जात असताना आम्ही गप्प राहिलो, अशी व्यवसायाच्या दोषांची कबुली त्यात आहे.

हे वाचताना मला आपल्याकडचा केसपेपर आठवतो. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची सुमारे चौथाई लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातून आलेल्या, घरात कोकणा बोली बोलणाऱ्या बाईला मानसोपचाराच्या ओपीडीत प्रमाण मराठीतल्या प्रश्नावलीवरून प्रश्न विचारले जातात आणि तिचे तुटक उत्तर ‘प्रतिसाद कमी’ म्हणून नोंदले जाण्याचा धोका असतो. ‘भगताकडे गेला होतात का?’ हा गावातल्या पारंपरिक उपचार करणाऱ्याविषयीचा प्रश्न तर बहुधा आरोपाच्या सुरातच येतो, त्यामुळे नातेवाईक ‘नाही’ म्हणून मोकळे होतात आणि आजाराचा अर्धा इतिहास कागदावर येतच नाही. साप किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु रुग्णाला स्वतःहून दवाखान्यात पाठवणाऱ्या भगतालाही त्याच रांगेत उभे करण्याचे कारण मला दिसत नाही.

आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवल्याच्या इतिहासाची चौकशी करणाऱ्या कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये केलेल्या ९४ आवाहनांपैकी बाविसावे नेमके याविषयी आहे: आदिवासी रुग्णाची इच्छा असेल तेथे त्यांच्या वैदूंच्या आणि ज्येष्ठांच्या सहकार्याने पारंपरिक उपचारांना स्थान द्यावे. (तेथील डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेची माफी मात्र २०२४ मध्ये आली, घाई कोणालाच नव्हती.) चोविसावे आवाहन वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालयांना उद्देशून असून, आदिवासींचे आरोग्य, हक्क आणि त्यांच्यावरील अन्यायाचा इतिहास यांचा अभ्यासक्रम प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचा करावा, असे ते सांगते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकलाच, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला आहे. अशा अभ्यासक्रमाची मागणी करायची तर तिथेच करता येईल, आणि तो शिकवणाऱ्यांत सुरगाण्याच्या आशाताईंनाही (गावपातळीवरच्या आरोग्य स्वयंसेविकांनाही) मानधन देऊन बोलवावे, असे मी त्या मागणीत लिहीन.