माश्या, निंबोळी आणि भिंतीपलीकडचा उकिरडा

घरात नात रांगायला लागली होती, म्हणून यंदाच्या पावसाळ्यात माश्यांवर विषारी फवारा मारायचा नाही, हे मी ठरवूनच टाकलं. घरातलं काम पटकन मार्गी लागलं. फरशी पुसायच्या पाण्यात गवती चहाचा काढा, ओट्यावर निलगिरी तेलाचे थेंब टाकलेलं फडकं, संध्याकाळी कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा धूर. पण वासाने माशी फक्त लांब जाते. वास उडाला की परत ताटावर हजर.

खरं दुखणं भिंतीपलीकडे होतं. नगरपरिषदेच्या मोकळ्या जागेत ओल्या कचऱ्याचा उकिरडा साचलेला. उबदार, दमट हवेत माशीच्या अंड्यापासून नवी माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, मग घर कितीही पुसा! मी अर्ज घेऊन गेले, तर टेबलावरचे साहेब म्हणाले, "ताई, धुराची गाडी पाठवतो." गाडी आली, धूर झाला, उडत्या माश्या पडल्या आणि आठवड्यात पुन्हा तेच. धूर ढिगाच्या पोटात शिरत नाही, अळ्या तिथेच वाढतात. मी हे सांगितलं, तर "कचऱ्याचं टेबल वेगळं" म्हणून दुसरीकडे पाठवलं. तिथे नगरसेवकाचं पत्र मागितलं. पत्र नेलं, तर आधीचा अर्जच सापडेना. अजून आठवलं तरी संताप होतो. अर्ज कायम दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. माझ्याकडे तो होता, म्हणूनच अर्ज दिलाच नाही असं कुणाला म्हणता आलं नाही.

शेवटी स्वच्छता निरीक्षक जागेवर आले. मी काठीने वरचा थर बाजूला केला. खाली पांढऱ्या अळ्या नुसत्या वळवळत होत्या. त्यांनी तिथूनच फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. मला केवढं हायसं वाटलं!

उरलेल्या ओल्या मातीवर मी निंबोळी अर्क ओतला. अर्धा किलो निंबोळीची भरड फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी पिळून गाळायची, थोडं साबणाचं पाणी घालून एकूण दहा लिटर करायचं. उन्हात त्याची ताकद जाते, म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी वापरायचा. त्याने अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडते आणि पुढे माशी होत नाही. उडती माशी मात्र याने पडत नाही, तेवढा धीर धरावा लागतो. आमच्याकडे हळूहळू फरक पडला आणि मी तो दर आठवड्याला ओततेच आहे.

हो, निलगिरी तेलाची बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका, पोटात गेलं तर घातक असतं. आणि निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडालाच वेचून, गर धुऊन सावलीत वाळवा. बुरशी लागलेल्या निवडून टाका.